अंग मोडून आलंय, एवढंच म्हणायचीस

संगे, आपल्या लिंगायत रीतीनं तुला मातीत बसवून पाच दिवस झाले होते आणि तुझा फोन वाजला.

पिठाच्या डब्यावर ठेवून मी तो चार्जिंगला लावला होता. कशाला लावला होता ते विचारू नको. गेलेल्या माणसाचा फोन कोण चार्ज करतं? पण लावला होता. उचलला तर तिकडून गड्याचा आवाज.

"संगम्माताई, बुधवारी आल्या न्हाईत? तुमच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा राखली होती की मी."

मी म्हटलं, "ती मेली." आणि फोन ठेवला.

गंगाधर कंडक्टरशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोन वर्षं त्याला दर बुधवारी लातूरच्या दवाखान्यात बघत होतो, पण कधी रामराम केला नव्हता. फोन ठेवला आणि छातीच्या खाली जळायला लागलं. पित्ताची गोळी घेतली. थंड दूध प्यालो. जागा राखली म्हणे! त्रेचाळीस वर्षं गिरणीत मी वर दाणे ओतले आणि तू खाली पिठाच्या तोंडाशी बसलीस, ती जागा काय त्यानं राखली होती?

तुला हे सगळं तोंडावर सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, पण आता लिहिल्याशिवाय दुसरी वाट राहिली नाही.

आपल्याला बोलायची सवयच कुठं होती. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की तोंडाचा उपयोग नसतो. तू अंगठा बोटावर चोळलास की मला कळायचं, पीठ जाड येऊन राहिलंय. मूठ झाकलीस की थांबायचं. पदर झटकलास की हा डबा झाला, दुसरा लावते. मला वाटायचं, ह्या बाईचं सगळं मला कळतं, हिला तोंड उघडायची गरजच नाही. लोकांनाही सांगायचो मी हे, फुशारकीनं. पण भीती वाटली तर कुठली खूण करायची, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं.

तुझ्या तोंडात सगळ्याला एकच शब्द. अंग मोडून आलंय. लेकीला, सुरेखाला, सासरी पाठवून आलो, तू म्हणालीस अंग मोडून आलंय. शेजारणीनं चारचौघींत टोमणा मारला, अंग मोडून आलंय. माझा हात तुझ्यावर उठला होता एकदा, ते तुला आठवतं आणि मलाही आठवतं, त्याही दिवशी तेच. मी दर वेळी बामची बाटली काढायचो. चोळूनही द्यायचो, नाही कशाला म्हणू. मला वाटायचं मी लई करून राहिलो.

उमरीचं मात्र मी विसरत नाही. तुझा भाऊ बसप्पा गेल्याचा सांगावा सकाळी आला. दोन लग्नघरांचं दळण दारात पडलं होतं. मी म्हटलं, दुपारच्या गाडीनं जाऊ. तू उठून पिठाच्या तोंडाशी जाऊन बसलीस. आपण उमरीला पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. ओली माती तेवढी दिसली तुला. तू रडली नाहीस. तुझ्या भावजया तुझ्याकडं बघत राहिल्या, ही बहीण हाय का दगड हाय म्हणून. परत येताना गाडीत म्हणालीस, "अंग मोडून आलंय." मी म्हटलं, "प्रवास झालाय न्हवं." त्याच साली तुझी बोटं सुजायला लागली.

आधी उदगिरात दाखवलं, मग लातुरात. डॉक्टर म्हणाले आमवात आहे. शरीराची राखण करणारी जी फौज असते अंगात, ती बाहेरच्या जंतूंना मारायचं सोडून घरच्याच सांध्यांना खाऊन राहिली. मी म्हटलं, "म्हणजे घरचं कुत्रं घरच्यालाच चावलं म्हणा की." डॉक्टर हसले. तू नाही हसलीस. तुझी बोटं वाकडी होत गेली. पूजेला डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग धरायला येईना, तर खालून माझा हात लावायचो. तीन वर्षं लावला. तुझा हात माझ्या हातात आणि देव तुझ्या हातात. दिवसातला तेवढाच वेळ गिरणी बंद असायची आणि तेव्हाही आपण बोललो नाही, कारण पूजेत बोलायचं नसतं.

मग डॉक्टरांनी तुला त्या बुधवारच्या बैठकीला घातलं. जुने जुने पेशंट गोल करून बसायचे आणि एक काउन्सेलर मॅडम असायच्या, आपल्या सुरेखापेक्षा लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून समजावलं. "आप्पा, काही माणसांना आत काय चाललंय ते ओळखायला येत नाही. राग आहे, भीती आहे की दुःख, ते समजत नाही. फक्त अंग दुखतं. आणि सगळं असं आत कोंडून राहिलं की त्याचा ताण शरीराच्या राखणीवर पडत असावा, असं डॉक्टर लोकांना दिसतंय."

मी म्हटलं, "म्हणजे उमरीला उशिरा नेलं म्हणून हिला हे झालं?"

"तसं मी म्हटलं नाही, आप्पा. अमक्यामुळं तमकं झालं असं कुणालाच सांगता येणार नाही. हा आजार ज्यांना होतो त्यात बोलकी माणसंही असतात."

त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण माझ्या कानात ते जाऊन बसलं. त्या दिवसापासून एकच गोष्ट मला जाणून घ्यायची होती, आणि ती विचारायची हिंमत तुझ्यापुढं झाली नाही. तू मला धरलंस का त्यात? तुझ्या आजाराचा गुन्हेगार मी, असं तुझ्या मनात होतं का?

बैठकीच्या खोलीबाहेर बाकडं होतं, तिथं मी बसायचो. दाराला काच. आत फळ्यावर मॅडमनं शब्द लिहून ठेवलेले. तुला वाचायला अडखळायला व्हायचं म्हणून शेजारचा माणूस वाचून दाखवायचा. तोच गंगाधर. किनवटचा, रिटायर कंडक्टर, लेकीकडं लातुरात राहायला आलेला. त्याच्या हातापायावर चट्टे होते, तेही म्हणे अंगातल्या राखणीचंच बिघडलेलं. तो काय वाचायचा ते मला ऐकू यायचं नाही. तुझं हसणं मात्र ऐकू यायचं. मोठ्यानं हसायचीस. घरात तू अशी हसलेली मला आठवेना. बाकड्यावर बसून मी सगळी वर्षं चाळली, आठवेना.

परतीच्या बसमध्ये विचारायचो, "काय हसत होतीस?"

"काई न्हाई. भावना सांगायच्या होत्या."

"कशाचा भाव? तुरीचा?"

तू खिडकीबाहेर बघायला लागायचीस. आणि मी शेजारी बसायचो, जळत. आता जळत म्हणतो. तेव्हा जळजळ म्हणायचो, आणि औषधाच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणायचो. दोन वर्षं खाल्ल्या.

एक कबूल करायचं आहे. एका बुधवारी मी तुला सांगितलं की आज बस नाही, संप आहे. संप नव्हता. तू नेसून बसली होतीस, ती हिरवी इरकली, केसाला तेल लावून. लातूरला जायला तू तेल लावायला लागली होतीस. ते बघितलं आणि माझ्या तोंडातून संप आला. तू लुगडं बदललंस आणि म्हणालीस, "अंग मोडून आलंय." मी बाम आणला. संगे, तो बाम चोळताना मी मान वर केली नाही. तुला संपाचं कळलं होतं का? कळलं असेल तर बोलली का नाहीस?

शेवटच्या वेळी ताप आला तेव्हा आपल्याला साधा वाटला. पण आमवाताच्या त्या गोळ्यांनी तुझी राखणदार फौजच बांधून ठेवलेली, मग खरा चोर आला तेव्हा त्याला अडवायला कोण होतं? छातीत पसरलं. लातूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नर्स आली आणि तिनं सहज विचारलं, "आजी, कसं वाटून राहिलंय?"

तू तोंडावरचा मास्क सरकवला आणि म्हणालीस, "भीती वाटायली."

भीती. त्रेचाळीस वर्षांत तुझ्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. आणि सांगितलास कुणाला? जिचं नावसुद्धा तुला माहीत नव्हतं त्या नर्सला. मी पायाशी उभा असताना. आणि मी काय म्हणालो? "भ्यायचं काय त्यात?" असं म्हणालो. नर्सनं तुझा हात धरला. मी नाही धरला. तिचा हात आधी गेला म्हणून मी नाही धरला, एवढा मी कोता माणूस.

तर तो फोन. त्याच्यानंतर आठवडाभर मी गोळ्या खाल्ल्या आणि मग लातूरची बस धरली. मॅडमसमोर जाऊन बसलो. म्हटलं, "संगम्मा तुमच्यात काय बोलायची, मला सांगा."

"आप्पा, ते त्यांचं होतं. मला नाही सांगता येणार."

"मी नवरा हाय तिचा."

"हो. तरी नाही." मग म्हणाल्या, "तुम्हाला आत्ता काय होतंय, आप्पा?"

"जळजळ."

"कुठं?"

छातीखाली हात ठेवून दाखवला. "पोटात जळतंय, का कुणावर जळताय?"

मी उठून आलो. राम राम नाही, काही नाही. आपल्या लेकीच्या वयाची पोरगी आणि मला असं विचारते! बस स्टँडवर येऊन बसलो, खिशातली गोळी काढली, हातात धरली, आणि ती खायची कशाला हेच कळेना.

गंगाधरचा नंबर तुझ्या फोनमध्ये होता. लावला. म्हटलं, "मी उदगीरचा मन्मथप्पा, गिरणीवाला." तो म्हणाला, "या की आप्पा. आता नांदेडला आलोय मी, पोराकडं." कशाला काय, विचारलंसुद्धा नाही.

नांदेडला गेलो तर दार त्याच्या बायकोनं उघडलं. संगे, त्याची बायको जिवंत आहे. गोल चेहऱ्याची बाई, चालते, बोलते, त्याच्या चहात साखर किती तिला माहीत आहे. माझ्यापुढं कप ठेवला आणि त्याला म्हणाली, "तुम्हाला अर्धाच." मला तेही सोसलं नाही. आलो होतो एकावर जळत आणि आल्या आल्या दोघांवर जळायला लागलो.

गंगाधर माझ्यापेक्षा म्हातारा निघाला. काचेतून तसा वाटला नव्हता. बाह्या खाली ओढून चट्टे झाकत होता. तुझं ऐकून तो त्या दिवशी जेवला नव्हता म्हणे, त्याच्या बायकोनं सांगितलं. मी सरळ मुद्द्याचं विचारलं.

"माझ्याबद्दल काय बोलायची ती?"

"तिथलं तिथंच ठेवायचं असं ठरलेलं असतंय, आप्पा."

त्याची बायको म्हणाली, "सांगा की. उदगीरहून आलेत ते. आता ताईबी न्हाईत, कुणाची चोरी हाय?"

त्यानं कप खाली ठेवला. मग सांगायला लागला. तुला फळ्यावरचे शब्द वाचायला यायचे नाहीत, म्हणून तो गाडीतल्यासारखे पुकारायचा. राग! चला, राग कोण? भीती! लाज! एकटेपणा! हेवा! आणि तुझं ठिकाण आलं की तू म्हणायचीस, थांबा, उतरायचं. त्यावर सगळी बैठक हसायची. कधी कधी तू पुढच्या शब्दाला उतरून परत मागं जायचीस, मग तो म्हणायचा, ताई, तिकीट फुकट गेलं.

ह्याला हसत होतीस होय तू. मी दाराबाहेर काय काय समजून बसलो होतो.

"उमरीचं बोलली का?" मी विचारलं.

"हाव. बोलल्या."

"कुठं उतरली?"

त्यानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "रागाला उतरल्या. मी दुःख पुकारलं होतं आधी, तर न्हाई म्हणाल्या, पुढं चला. राग म्हटल्यावर थांबा म्हणाल्या. इतक्या वर्षांनी सापडला म्हणाल्या. लई रडल्या त्या दिवशी."

"माझ्यावर?"

"तुमच्यावरच. दुसऱ्या कुणावर असणार?"

लागलं. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. तो राग माझा होता आणि तो मला मिळाला. मग जी गोष्ट विचारायला एवढ्या लांब आलो होतो ती विचारली. "माझ्यामुळं आजार लागला म्हणाली का?"

"न्हाई आप्पा. एकानं विचारलं होतं तसं. तर ताई म्हणाल्या, मला जोडाजोडी करायची न्हाई. राग होता, तो राग म्हणून सापडला, बास झालं."

चहा गार झाला होता. तो मी तसाच प्यालो. उठणार तेवढ्यात गंगाधर म्हणाला, "तुम्ही गाता म्हणं."

"कोण म्हणतं?"

"ताई. मशीन चालू झाली की आमचे मालक गातात म्हणायच्या. त्यांना वाटतं कुणाला ऐकू येत न्हाई. मी म्हटलं, ताई, गिरणीच्या आवाजात तुम्हाला तरी कसं ऐकू येतं? तर म्हणाल्या, मशीनच्या आवाजाला कान मेलेत माझे, आता माणसाचाच तेवढा ऐकू येतो."

माझे कान तापले. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"शब्द सगळे चुकीचे म्हणतात म्हणायच्या," तो म्हणाला. "अर्धं गाणं एक, अर्धं दुसरं."

"मग? तेव्हा कुठं उतरायची?"

"तीच गंमत की. मी सगळा फळा पुकारला. आनंद म्हटलं, न्हाई. समाधान म्हटलं, न्हाई. एका पेशंटनं मधूनच प्रेम म्हटलं, तर छे, काईतरीच, म्हणाल्या आणि लाजल्या. शेवटचा शब्द झाला तरी उतरल्या न्हाईत. मॅडम म्हणाल्या, मग कसं होतं ते तुम्हीच सांगा. तर म्हणाल्या, अंग हलकं होतं. बोटं दुखायची थांबत न्हाईत, पण ध्यानात येत न्हाईत."

नांदेडहून परत येताना बसमध्ये मी तुझ्यावर लई चिडलो, संगे. कंडक्टरला सांगितलंस. मॅडमला सांगितलंस. कुठल्या कुठल्या गावच्या, सुजल्या पायाच्या, चट्ट्याच्या, जुन्या जुन्या पेशंटांना माहीत की उदगीरचा मन्मथप्पा दळताना गातो आणि त्याची बायको खाली पिठाच्या तोंडाशी बसून ऐकते. मला तेवढं माहीत नाही! मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? ह्या मुद्द्यावर मी तुझ्याशी मनातल्या मनात मुखेडपर्यंत भांडलो. सांगितलं असतंस तर मोठ्यानं गायलो असतो, नीट शब्द पाठ केले असते, तुझ्याकडं तोंड करून गायलो असतो, असं काय काय म्हणालो.

मग मला मीच दिसलो. तू सांगतेस, आणि मी काय करतो ते. मी तुझ्याकडं तोंड करून गायलो नसतो. मी म्हणालो असतो, "चोरून ऐकतीस होय?" आणि लाज वाटून त्या दिवसापासून तोंड मिटलं असतं, ते पुन्हा उघडलं नसतं. स्वतःला काय होतंय ते कळायला तुला लातूरपर्यंत जावं लागलं. मला काय होईल ते मात्र तुला गिरणीत बसून, मधे मशीन धडधडत असताना कळत होतं.

म्हणून तेवढं एक तू मला सांगितलं नाहीस. गाणं चालू राहावं म्हणून.